योना माशाच्या पोटात आणि सतरा मिनिटं शिल्लक

या, जरा जवळ सरका. बायबलातला योना माशाच्या पोटात अडकला होता, ते तुम्हाला ठाऊकच आहे. आमच्या लिमोन बंदरात तो एका सीडीत कसा अडकला, ते सांगतो.

आमचे पास्टर युस्टस प्रवचन बोलत नसत, गात असत. त्यांनी ओळ सोडायची आणि आम्ही बाकांवरून "हो देवा!" म्हणत ती झेलायची. एकेक कथा तीन-तीन रविवार चाले. योनाची कथा मी पहिल्यांदाच सीडीवर उतरवून घेत होतो. यंत्र दर वेळी विचारी, 'डिस्क बंद करू?' मी म्हणे, नको. कथा अर्धी असताना बंद कशी करायची? योना माशाच्या पोटात शिरला तो रविवार, आणि बुधवारी पास्टर देवाघरी गेले.

त्यांच्या वर्षाच्या स्मरण-प्रार्थनेला त्यांचा आवाज चर्चमध्ये घुमावा, ही त्यांच्या बायकोची, आम्ही मानाने 'मिस' म्हणतो त्या वर्लिनाची इच्छा. आवाजाची डिस्क ही एवढी एकच. आदल्या दिवशी लावून पाहिली, तर प्लेअर म्हणतो, 'डिस्क नाही'!

धावतच आम्ही बाजारात ऑर्मंडच्या सीडीच्या टपरीवर गेलो. ऑर्मंडचा रविवार डॉमिनोजच्या सोंगट्या खेळण्यात जाई. चर्चशी त्याचा संबंध नाही.

"मी खोबरेल लावून पुसली रे," मिस वर्लिना म्हणाली.

"हिची वेणी घालायची होती का, मिस?" तेल पुसून त्याने डिस्क संगणकात सरकवली. "आवाज शाबूत आहे. डिस्क आतून बाहेर वाचतात. मधल्या भोकालगत अनुक्रमणिका असते, ती डिस्क बंद केल्यावरच लिहिली जाते. साधा प्लेअर आधी तीच शोधतो. नाही सापडली की त्याच्या लेखी डिस्क कोरी. ब्रदर सिरिल, हा तुमचाच प्रताप ना?"

मी मान खाली घातली.

"करू बंद? एकदा केली की पुढे काही भरता येणार नाही."

"थांब!" मिस वर्लिनाने त्याचा हात धरला. "म्हणजे योना कायमचा माशाच्या पोटात? माझ्या नवऱ्याने कुणाला असं अर्ध्या वाटेवर सोडलं नव्हतं."

"ऐंशीतली सतरा मिनिटं रिकामी आहेत," ऑर्मंड म्हणाला, आणि त्याने माइक तिच्यापुढे सरकवला.

ती आधी लाजली. मग डोळे मिटून तिने पास्टरांचाच सूर धरला. मासळीवाल्या बाया सुऱ्या खाली ठेवून टाळ्यांवर ठेका धरू लागल्या. माशाने योनाला किनाऱ्यावर टाकलं, तेव्हा सगळ्यांच्या आधी "हो देवा!" ओरडला तो ऑर्मंड!

तिचा आवाज डिस्कवर चढला. मग तिने स्वतःच्या बोटाने डिस्क बंद केली. रविवारी ती खणखणीत वाजली.

आज तुम्ही प्रार्थनेला बसाल, तेव्हा त्या ऑर्मंडची आठवण ठेवा. अजूनही तो रविवारी डॉमिनोजच खेळतो. देव सांभाळून घेईल.