हेक्टरचं अठ्ठेचाळिसावं शिखर

लॉरेटने वाटेवरच्या भोकात काठी खुपसली. अर्ध्याच्या वर आत गेली.

"बघ, डॉट. नुसत्या बुटांवर चढलाय कुणीतरी. वाटेची पार चाळण करून ठेवली."

"बघितलं. खालच्या पुलापासून प्रत्येक भोक दाखवत्येस मला," तिची मैत्रीण डॉट म्हणाली.

हिवाळाभर तुडवून घट्ट केलेली वाट मार्चातल्या उन्हाने भुसभुशीत होते. पायात स्नोशू, म्हणजे बुटांखाली बांधायच्या रुंद जाळीच्या पट्ट्या, नसल्या की पाय गुडघाभर रुततो, मग रात्री ते भोक गोठून पक्कं होतं आणि मागून येणाऱ्याचा घोटा मोडायची सोय होते. लॉरेटने तीस वर्षं शाळेची बस चालवली होती आणि बासष्टाव्या वर्षी ती माणसाची लायकी त्याच्या पायांवरून ठरवत असे. न्यू हॅम्पशायरच्या या डोंगरांत बुटांना स्नोशू न बांधता येणारी माणसं तिच्या लेखी बिनडोक होती. स्नोशू पाठीला बांधून मिरवणारी त्याहून बिनडोक. आणि शहरातून येणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको.

तिच्या टाचेला चिकटून तिचा कुत्रा हेक्टर चालत होता. अकरा वर्षांचा, काळा, तोंडावर पांढरं उतरलेला. गिर्यारोहकांच्या क्लबाची अठ्ठेचाळीस शिखरं भर हिवाळ्यात चढणाऱ्या कुत्र्याला कापडी बिल्ला आणि प्रमाणपत्र मिळायचं. हेक्टरची सत्तेचाळीस झाली होती. क्लबाचा हिवाळा पंचांगाप्रमाणे चालायचा. आज संध्याकाळी साडेपाचला, वसंतसंपाताच्या क्षणी, तो संपत होता, मग उद्या चार फूट बर्फ असेना का, ते मोजलं जाणार नव्हतं. पुढच्या हिवाळ्याचा भरवसा धरू नका, असं त्याच्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं. लॉरेटने स्वयंपाकघरात प्रमाणपत्रासाठी खिळासुद्धा ठोकून ठेवला होता.

"हेक्टरला डोंगराचं वेड आहे," ती भेटेल त्याला सांगायची. आजही गाडीतळावर दोघांना सांगून झालं होतं.

झाडं खुजी होत गेली आणि डोंगराची उघडी धार लागली. वारा तोंडावर येत होता. समोर शिखराची पाटी दिसत होती, फार तर दहा मिनिटांवर. डॉटने फोटोसाठी हातमोजा काढला, आणि नेमका तेव्हाच हेक्टर खाली बसला.

लॉरेटने त्याचे पंजे उचलून बोटांमधले बर्फाचे गोळे काढले. सॉसेजचा तुकडा दिला. त्याने खाल्ला आणि बसून राहिला. चीज दिलं, तेही खाल्लं. तिने पट्टा धरून ओढलं, तर तो आडवाच झाला.

"दमलाय गं तो," डॉट म्हणाली.

"दमायला काय झालंय त्याला. जरा थांब."

वरून एक पोरगा धडपडत उतरत होता. पायात शहरी बूट, मांडीपर्यंत ओली विजार, आणि पाठीवरच्या पिशवीतून डोकावणारं बोटभर कुत्रं. भोकं पाडणारा हाच, हे सांगायला कुणी नको होतं.

"उचलून न्या ना, मॅडम," तो म्हणाला. "इथून इथे तर जायचंय. फोटोत काय कळतंय?"

"चार पायांवर चढायचं असतं. नियम आहे."

"त्याला माहितीये का?"

"तू आधी पायात काहीतरी घालायला शिक. वाट आहे ती, तुझ्या आजोबांचं शेत नाही."

पोरगा हसला आणि पुढचं भोक पाडत खाली गेला. डॉटही हसली, पण तोंड फिरवून.

अडीच वाजले. तीन वाजले. सॉसेज संपलं. लॉरेट बर्फात गुडघे टेकून हेक्टरच्या कानाशी काहीबाही बोलत राहिली. म्हातारा झालाय बिचारा, सगळं करायचं होतं त्याला, आता नाही व्हायचं. तिने नाक पुसलं आणि उठून खालच्या बाजूला तोंड केलं.

"चल, राजा. घरी."

हेक्टर ताडकन उठला. अंग झटकलं आणि तिला मागे टाकून धावत सुटला. कडेच्या मऊ बर्फात उडी मारली, लोळला, शेपूट उंच करून पुन्हा वाटेवर आला आणि भुंकून तिला बोलावू लागला.

लॉरेट जागीच थांबली. मग तिने सावकाश स्नोशू वळवले आणि वरच्या दिशेला एक पाऊल टाकलं.

हेक्टर बसला.

ती खाली वळली. तो उठला.

डॉट एरवी एवढ्यातेवढ्यावर टोमणा मारायची, पण आता ती हातमोजा चढवण्यात गुंतली होती.

उतरताना तो नेहमीच असा उधळायचा. सत्तेचाळीस वेळा उधळला होता. शिखर सर केल्याचा आनंद, असं लॉरेट लोकांना सांगत आली होती.

"येत्येस ना?" डॉटने विचारलं.

हेक्टर वळून लॉरेटकडे पाहत होता. अशा नजरेने ती बिनडोक लोकांकडे पाहायची. तिच्याकडे तसं आजवर कुणी पाहिलं नव्हतं.

"येते," ती म्हणाली.