डबाभर पीठ

दुपारी पावणेदोनला खिएमने दुसऱ्यांदा फसलेला बान बो केक कालव्यातल्या बदकांपुढे टाकला. बदकांनी दोन-चार चोची मारल्या आणि ती पुढे निघून गेली.

त्याच्या बायकोचं, थामचं, पहिलं वर्षश्राद्ध उद्या होतं. गल्लीत कुणाचंही श्राद्ध असो, तांदळाच्या पिठाचा हा जाळीदार केक तिच्या हातचाच जायचा. तिच्या तसबिरीपुढे बाजारातला ठेवायला खिएम तयार नव्हता.

तिचं प्रमाण डब्यात होतं. आटीव दुधाचा रिकामा डबा, घासून कडा गुळगुळीत झालेल्या. पीठ तीन डबे, साखर एक. सायगॉनहून मुलीने, दिएपने, वजनकाटा पाठवून फोनवर सांगितलं होतं, "एक डबा म्हणजे अडीचशे ग्रॅम, बाबा. शेंबड्या पोरालाही माहीत असतं."

ते तांदळाच्या दाण्यांचं माप होतं, पिठाचं नव्हे. त्या हिशेबाने केलेला पहिला केक विटेसारखा झाला. मग त्याने काटा बाजूला ठेवून डब्यानेच पीठ मोजलं. दुसरा केक मधोमध खचला.

आता त्याने पिठाचा डबा काट्यावर ठेवला. एकशे साठ. डबा टेबलावर आपटला, पीठ दोन बोटं खाली बसलं. वर भर घातली. एकशे नव्वद.

"सातवेभाऊ, बदकांवर कसला राग काढताय?"

शेजारची चौथीताई कुंपणापाशी कपडे वाळत घालत होती. गल्लीत नावाऐवजी भावंडांतल्या क्रमांकानेच हाक मारत. दोन्ही घरांमध्ये भिंत एकच.

खिएम बाहेर आला. "पीठ मोजताना थाम डबा आपटायची का हो?"

"चाळीस वर्षं संसार तुम्ही केलात आणि विचारताय मला?"

"दुपारी मी फेरीबोटीवर असायचो."

"मी घरातच असायचे ना. जेवून जरा डोळा लागला, की टक टक टक. मी भिंतीवर दोन थापा मारायचे. ऐकते कसली ती."

"प्रत्येक डब्याला आपटायची?"

"झोपमोड झाल्यावर मोजत कोण बसतं?" तिने वाळत घातलेला सदरा काढून उगाच पुन्हा झटकला. "आता वर्षभर झोपतेय निवांत."

ती आत गेली. तिचं दार लागलं.

सव्वादोनला खिएमने डबा भरला, सुरीच्या पाठीने सपाट केला आणि टेबलापासून वीतभर उंच धरला. हात थोडा वेळ तसाच राहिला. मग त्याने तीनदा आपटला, भर घातली, काट्यावर ठेवला. एकशे नव्वद. पीठ पातेल्यात ओतलं.

भिंतीपलीकडे काही हललं नाही.

दुसरा डबा त्याने जरुरीपेक्षा थोडा जोरात आपटला.

पलीकडून दोन थापा आल्या.

खिएम भिंतीकडे बघत उभा राहिला. मग पिठाचा हात पुसायचा विसरून त्याने तिसरा डबा भरला आणि तोही आपटला.

साखर, नारळाचं दूध, यीस्ट घालून पातेलं त्याने तसबिरीखाली फडक्याने झाकून ठेवलं. पाच वाजता फडक्याचा एक कोपरा उचलला. पिठावर पहिला बुडबुडा आला होता. त्याने फडकं पुन्हा झाकलं.