काचेवरचा मुरलीधर

मी एक जुनी काच आहे, मित्रांनो. माझ्या पाठीवर रंगवलेला मुरलीधर समोरून दिसतो. असे चित्र उलट्या क्रमाने काढतात. चिताऱ्याने आधी डोळे काढले, मग दागिने, मग निळा चेहरा आणि सर्वांत शेवटी मागची झाडे. मला भेटलेला अक्कलवान माणूस तो एवढाच.

पुढे मी ज्या घरात गेले, तिथे तीन पिढ्यांनी मला नमस्कार केला. डोळे मिटून. मग दिसणार काय?

परवा माझ्या कोपऱ्याला चीर गेली. थोरला मुलगा मला फ्रेमवाल्याकडे घेऊन आला. हट्टाने आईही आली. तिची नजर अधू, पण मुरलीधराचे डोळे पाहिल्याशिवाय तिचा दिवस उजाडत नाही.

"काच बदला," थोरला म्हणाला. "चित्राला मात्र धक्का लागू देऊ नका."

केवढा हा शहाणपणा!

फ्रेमवालाही त्याच माळेतला मणी. त्याने मला पालथे घालून मागचा पुठ्ठा काढला. पुठ्ठा कोरा. माझी पाठ म्हणजे नुसते मळकट हिरवे डाग.

"साहेब, यात चित्रच नाही."

"नाही म्हणजे? आत्ता होतं की! कुठे लपवलंत?"

"मी काय गिळलं का ते?"

आई रडू लागली. भांडता भांडता फ्रेमवाल्याने ओला बोळा माझ्या पाठीवर फिरवला. काच पुसून दुसऱ्या फ्रेमला लावू, असा त्याचा हिशोब. डिंकात कालवलेला रंग पाण्यापुढे टिकत नाही. झाडे गेली. चेहऱ्याची पाळी आली.

तेवढ्यात आई डोळे पुसत म्हणाली, "ती काच तरी द्या इकडे. आमची आहे, कपाटाला होईल."

भक्तीने नव्हे, काटकसरीने मी वाचले! तिने मला दाराच्या उजेडात धरले आणि ओरडली, "अरे मेल्यांनो, हा काय इथे! काचेतच आहे!"

"काचेवर कुणी चित्र काढतं का?" थोरला म्हणाला.

"आधी सांगायचं ना, साहेब," फ्रेमवाला म्हणाला.

आता गेलेल्या झाडांच्या जागी माझ्यातून घरची ओल आलेली भिंत दिसते आणि मुरलीधर तिच्यापुढे बासरी वाजवतो. थोरला पाहुण्यांना सांगतो, "जुनी चित्रं अशीच असायची." आई रोज पाहते, तिला सगळे माफ.

मित्रांनो, जुन्या वस्तूवर माया करायची तर ती वस्तू नेमकी कोणती, एवढे आधी पाहा. तेही जमत नसेल, तर निदान ओला बोळा खाली ठेवा.