गावपळणीतली नोंद

ग्रामदैवत रामेश्वराचा कौल झाला आणि आचरा गाव तीन दिवसांसाठी रिकामा झाला. माणसं गेली, गुरं गेली, पाटीत बसून कोंबड्या गेल्या. जीव म्हणून कोणी मागे ठेवायचा नाही, हीच गावपळणीची रीत. मागे राहिलं ते फक्त अक्षयाचं यंत्र.

तिनं घडवलेल्या नव्या पदार्थाचा पातळ पापुद्रा त्यात होता; मुंगी चालली तरी थरथर टिपणारा. परदेशातल्या एका मापनशास्त्राच्या प्रयोगशाळेत पोस्टडॉकसाठी उद्या तिची मुलाखत. त्यांनी एकच मागितलं होतं, संपूर्ण शांततेतली नोंद. अशी शांतता गावपळणीवाचून कुठली? यंत्र माजघरात जमिनीवर ठेवून ती वेशीबाहेरच्या झोपडीत आली आणि यंत्राकडून मोबाइलवर येणारी निजलेली रेघ बघत बसली.

दुपारी रेघ उसळली. ठप. ठप. ठप.

बंद घरात कोणीतरी चालत होतं.

"माई, आपल्या घरात कोणतरी आसा." तिनं मोबाइल आईपुढे धरला.

"गप गो! गावात आता देव फिरता. तू ता बघू नको," आई म्हणाली, पण तिच्या हातातली पळी थांबली.

"अप्पा खंय?"

"नदीर गेले आंघोळीक."

ती नदीवर जाऊन आली; वडील तिथं नव्हते. त्यांचा फोन झोपडीतच टांगलेल्या सदऱ्यात. रेघेवर एक मोठा दणका उमटला. मग काहीच नाही. गेल्या पावसाळ्यात अप्पांच्या हृदयाचं ऑपरेशन झालेलं.

अक्षया वेस ओलांडून धावत सुटली. वाटेवर कुत्रं नाही, चुलीचा धूर नाही; स्वतःचीच चप्पल मागे लागल्यासारखी वाजत होती. रेघेवर आता बारीक ठोके दिसू लागले. दोन घाईचे, एक चुकलेला.

अप्पा उंबऱ्याशी भिंतीला टेकून बसले होते. कपाळ घामानं भिजलेलं, यंत्र छातीशी कवटाळलेलं.

"पाय अडाकलो गो," ते धापा टाकत म्हणाले. "हेका न्हेवक इलंय. तूच सांगलंस ना, माजो जीव ह्या यंत्रात आसा म्हणान? गावपळणीत जीव कोण मागे ठेवता?"

"ती बोलायची रीत, अप्पा!"

"मगे ह्या धडधडता कित्याक?"

"तुमचा काळीज धडधडता ता!"

नोंद मोडली होती. यंत्र परत खाली ठेवलं तर सकाळपर्यंत शांत रेघ मिळाली असती. तिनं हात पुढे केला. अप्पा सोडेनात.

"तुजो जीव हयसर टाकून मी जावचंय नाय."

त्यांचे ओठ निळसर दिसत होते. तिनं माईला फोन करून शेजारच्या सर्वेशची रिक्षा वेशीवर आणायला सांगितलं आणि अप्पांचा हात खांद्यावर घेतला. यंत्र त्यांच्याच कुशीत. दोघं बंद दारांमधून हळूहळू निघाली. उद्या मुलाखतीत दाखवायला काहीच नव्हतं. तिला त्याचं भानही नव्हतं. पावलांच्या दणक्यांमधून ती रेघेवर अप्पांच्या काळजाचा ठोका शोधत होती. तो आला. पुढचा अजून यायचा होता.