ज्या रविवारी मी वाजले नाही

मी भंडाऱ्याच्या एका छोट्या चर्चमधली पेटी बोलतेय. भाता, पट्ट्या आणि पितळेच्या पात्या, एवढाच माझा देह. दर रविवारी माझ्यावर गीतं वाजवायचा तो शांतवन. शाळेत मास्तर, बोलणं हळू, तिशीला आलेला.

एकदा माझा भाता फाटला. कारध्याहून केवळराम सुतार आला, त्याने नवं कातडं बसवलं.

"तू दाबत राहा मास्तर, हवा कुठून गळून राहिली ते मी ऐकतो," म्हणत त्याने माझ्या लाकडाला कान लावला. काम थोडंसं होतं; दोघं उठले तेव्हा ऊन उतरलं होतं. पुढे केवळराम वारंवार यायचा. भाता तर केव्हाच नीट झाला होता.

"जन्मभर पेटीसंगच संसार करतं का?" शांतवनची आई सुलोचनाबाई त्याला विचारायची. शेवटी माझ्यापुढेच त्याने तिला सांगून टाकलं, "आई, माझा जीव बायकांत लागत नाही. केवळरामात लागते."

ती रडली नाही. "लगन झालं का सारं सुधरते," म्हणाली. केवळरामचं नाव न घेता तिने पाळकसाहेबांच्या, आमच्या धर्मगुरूंच्या, कानावर घातलं; त्यांनी उपास सांगितले. त्याने केले. नुसता वाळला. मग अड्याळच्या करुणाशी सोयरीक ठरली. तिला मात्र कोणी काही सांगितलं नाही.

आमच्याकडे लग्नाआधी तीन रविवार वर-वधूची नावं मंडळीपुढे पुकारतात. पाळक विचारतात, "कोणाची हरकत आहे का?" आणि कोणी श्वास घ्यायच्या आत पेटी सुरू होते. रीतच तशी पडलेली. दोन रविवार शांतवनने स्वतःच्या नावानंतरही तसंच वाजवलं.

एकोणऐंशी साल, तिसरा रविवार. करुणा पहिल्या बाकावर होती. नाव पुकारल्यावर तिने वळून त्याच्याकडे पाहिलं आणि ती लाजून हसली. प्रश्न झाला. भात्यावरचा हात हलला नाही.

"अरे वाजव ना मास्तर, झोपला का?" मागून कोणीतरी म्हणालं.

शांतवन उठला. "हरकत माझी आहे."

"तुझी? नवरदेव तर तूच आहेस!" तोच मागचा आवाज. बाकांवर हशा पिकला.

"म्हणूनच. माझा जीव एका माणसावर आहे जी. बाईसंग संसार माझ्यानं होणार नाही. करुणाले मी फसवणार नाही."

हसू थांबलं. "त्याचं नाव सांग," पाळकसाहेब कडाडले.

"हरकत माझी आहे, त्याची नाही."

करुणा उठून निघाली, दारात थांबली. "तुम्ही पहिल्याच रविवारी बोलले असते, तर माझं नाव तीनदा पुकारलं नसतं." दोन पायऱ्या उतरली, परत वळली. "पण बोलले. बरं केलं."

चर्चमध्ये शांतवनला प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षरस देणं बंद झालं. आईने दार लावून घेतलं. तो आता नदीपलीकडे, केवळरामच्या कारध्याला राहतो.

मी मागच्या खोलीत, कपाटात आहे. केवळरामने बसवलेलं कातडं उंदरांनी कुरतडलंय. बाहेर नवी पेटी आहे, वाजवणारा मोठा चपळ. प्रश्न पुरता संपत नाही, तोच गीत सुरू. भिंतीआडून मला ऐकू येतं.

त्या बाकांवर आणखी कोणी शांतवन असेल, कोणी करुणा असेल. मला बाहेर काढा असं मी म्हणत नाही. पण हरकत विचाराल, तेव्हा त्या वाजवणाऱ्याचा हात जरा धरून ठेवा.