चाकोरी न पाडणारं चाक

आपल्या वाटेवर चाकोरी पडता कामा नये, ही क्लीटसची अट होती आणि आर्डिथला ती कधी जाचक वाटली नाही. चार वर्षांपूर्वी मार्चमधल्या एका उन्हाच्या दुपारी शाळेतला नवा मास्तर साधी सायकल घेऊन त्या वाटेने फिरून आला होता. बर्फ ऊन खाऊन मऊ झालेला. टायर चार बोटं आत रुतत गेला आणि रात्री ती चाकोरी गोठून दगडासारखी झाली. सकाळी क्लीटसची कुत्र्यांनी ओढायची घसरगाडी तिथून भरधाव आली. सर्वांत पुढच्या कुत्रीचा पाय चाकोरीत अडकून पंजाच्या वर मोडला. मास्तरने रडत माफी मागितली, क्लीटसने त्याला चहा पाजला, आणि त्यानंतर त्या वाटेवर चाक म्हणून फिरकलं नाही.

क्लीटस आर्डिथचा धाकटा भाऊ. गावापासून नऊ मैल वर, युकॉन नदीच्या काठी, जिथे उन्हाळ्यात मासे पकडून वाळवायचे, त्या खोपटात तो बारा महिने राहायचा. त्याची बायको बर्नाडीन होती तोवर दोघं दर शनिवारी कुत्र्यांच्या गाडीवरून गावात येत, आर्डिथकडे जेवत, पत्त्यांतल्या नशिबावरून तिला चिडवत. मागच्या वसंतात बर्नाडीन गेली. क्लीटस मातीला आला आणि परत गेला तो पुन्हा आलाच नाही. लाकूडतोडे वरच्या कड्यापर्यंत जात, ते सांगत की धूर दिसतो. धूर दिसतो म्हणजे माणूस आहे, एवढंच.

आर्डिथला स्वतः जायचं होतं. दर आठवड्याला, कुणाच्या मागे न लागता. तिच्याकडे बर्फावरून पळणारं स्नोमशीन होतं, पण तिचा उजवा खांदा निकामी झाल्यापासून खोल बर्फात रुतलेलं मशीन एकटीने उचलून बाहेर काढणं तिच्याने होणार नव्हतं. सायकल उचलता येते. म्हणून सप्टेंबरमध्ये तिने रेडिओवर त्याला विचारलं, जाड टायरच्या सायकलीवर आले तर चालेल का.

"चाक नको," तो म्हणाला. "कुत्र्यांचे पाय आहेत."

"आणि चाकोरी पडलीच नाही तर?"

मग तो म्हणाला, "असं चाक असतं का?"

दुसरं कुणी असतं तर ‘येऊ नकोस’ असं समजून गप्प बसलं असतं. आर्डिथने तो खराच प्रश्न धरला. वीस वर्षं तिने हवामानवाल्यांसाठी नदीवरच्या बर्फाची जाडी आणि घनता मोजली होती. विचारलेल्या गोष्टीचं उत्तर काढायची तिला सवय होती.

उत्तर तसं सरळ होतं. सायकलीचा टायर बर्फावर जो दाब टाकतो, तो जवळपास आतल्या हवेच्या दाबाइतकाच असतो. हवा कमी केली की टायर पसरतो, वजन जास्त जागेवर विभागलं जातं, चाक वर राहतं. पण हवा फार कमी केली तर टायर रिमवर डुलायला लागतो, कधी निसटतोही. रिम जितकी रुंद, तितकी टायरची बैठक पक्की आणि तितकी हवा आणखी सोडता येते. फेअरबँक्सच्या दुकानातला एमेट तिला फोनवर सांगत होता की ऐंशी मिलिमीटरची रिम तिला पुरून उरेल.

"मावशी, तुझं वजन ते केवढं. शंभरची रिम घेऊन काय हत्ती नेणार आहेस? शंभरावर टायर चौकोनी होतो, कडक वाटेवर हँडल ओढतं, वळताना जीव काढतं. वर तुझ्या जुन्या सांगाड्यात ते चाक बसणारही नाही. सगळीच सायकल नवी बांधावी लागेल."

तिने लगेच हो-नाही केलं नाही. शाळेत दोन सायकली होत्या, एक पंचाहत्तरच्या रिमची आणि एक ऐंशीची. दोन्ही तिने मागून आणल्या आणि विमानतळामागच्या वाटेवर, बर्फ पडल्याच्या दुसऱ्या दिवशी, सारख्याच हवेवर चालवल्या. सकाळी गोठलेल्या खुणांवर आडवी पट्टी ठेवून खोली मोजली. दोन्हींत मधला भाग आधी रुतत होता, कारण टायर पोटाशी गोल होता. कुत्र्याचा पंजा जाईल एवढी खाच दोन्हींत होती. चौकोनी टायर एमेटच्या मते दोष होता. तिला तोच हवा होता, सपाट पोटाचा, एकदम सगळ्या रुंदीने टेकणारा. तिने शंभरची रिम, पाच इंचाचा टायर आणि त्यांना सामावणारा सांगाडा सांगितला.

संध्याकाळी ती क्लीटसला रेडिओवर हे सगळं सांगायची. सुरुवातीला त्याची उत्तरं हुंकारापलीकडे जात नसत. नोव्हेंबर लागला तसा तो स्वतःहून विचारू लागला. रिमला मधे भोकं पाडतात ती कशाला? वजन कमी करायला. मग त्यात बर्फ भरेल. नाही, आतून पट्टी असते. टायरला खिळे घेणार का? नाही, बर्फाचा नुसता आरसा आला की उतरून चालेन. एरवी आठच्या सुमाराला खायची वेळ झाली की कुत्री एका सुरात रडायला लागत आणि तो ‘आता ऐकू येणार नाही’ म्हणून रेडिओ बंद करी. या वर्षी तो घाई करेनासा झाला. भाऊ माणसात येतोय, असं आर्डिथला वाटलं आणि ती रात्री शांत झोपू लागली.

गावातला रेडिओ म्हणजे सगळ्यांचाच. टायरच्या नक्षीवरून दोघांचं वाजलं, ते अख्ख्या गावाने ऐकलं.

"बसक्या नक्षीचा घे," क्लीटस म्हणाला. "खोल दातांचा टायर वाट उकरतो."

"बसकी नक्षी घसरते. पडले म्हणजे?"

"पड की. तुला दोनच पाय आहेत. त्यांना चार-चार आहेत."

मधेच शेजारची म्हातारी युनिस बोलली, "क्लीटस, तुझ्या बहिणीला उशा बांधून पाठवते रे बाबा, पण एकदाचा हो म्हण." कुणीतरी तिसरंच हसलं. क्लीटसही हसला. बर्नाडीन गेल्यापासून आर्डिथने त्याचं हसू ऐकलं नव्हतं. तिने बसक्या नक्षीचे टायर मागवले.

जानेवारीत विमानातून खोकी आली. सायकल उभी राहिली तेव्हा पोरं तिला ट्रॅक्टर म्हणाली. आर्डिथने हवा इतकी कमी केली की अंगठा दाबला तर टायर पावासारखा दबत होता, आणि पुन्हा विमानतळामागे जाऊन आली. सकाळी पट्टीखाली उजेड दिसला तो जेमतेम करंगळीच्या नखाइतका. तिने क्लीटसला तसं सांगितलं.

"उद्या नको," तो म्हणाला. "उद्या मी वाट करतो. रात्रभर गोठून घट्ट बसू दे. परवा ये."

कड्यापर्यंतचे पाच मैल स्नोमशीनची वाट होती. चाकं फुसफुसत छान चालली. कड्यापुढे नदीचं वळण ओलांडून क्लीटसची वाट लागली आणि आर्डिथने ब्रेक दाबला.

वाट नीट दाबलेली होती, काठ सरळ होते. पण तिच्यावर पंजे नव्हते. गाडीच्या पट्ट्यांच्या दोन रेषाही नव्हत्या. होते ते फक्त बर्फात घालायच्या रुंद, जाळीच्या बुटांचे ठसे, एकाला एक चिकटून, एक रांग जाताना आणि तिच्याशेजारी एक येताना. माणसाने पायांनी तुडवलेली वाट होती ती. चार मैल, जाऊन-येऊन.

ती उतरली. पुढे किती चालली आणि किती सायकलवर बसली, ते तिला नंतर आठवेना.

खोपटासमोर कुत्री बांधायचे खुंट ओळीने उभे होते आणि प्रत्येकाची साखळी ताज्या बर्फाखाली गेली होती. कुत्र्यांच्या छोट्या घरांमधला पेंढा काढून टाकलेला होता. क्लीटस दारात उभा होता. तो खाली आला, पण तिच्याकडे न बघता तिच्या मागच्या वाटेपाशी गेला, हातमोजा काढला, वाकून तळवा चाकाच्या खुणेवरून फिरवला.

"नाही पडली," तो म्हणाला.

आत चहा होता, कडक बिस्किटं होती, मूस हरणाच्या मांसाचं सूप होतं. तिने कोट न काढता विचारलं, कुत्री कधी गेली. नदी गोठल्यावर लगेच, तो म्हणाला. सॅमन येत नाही, नदीवर मासेमारी बंद, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. ज्याला इथे कुत्र्यांचा मासाच म्हणतात तो मासाच न मिळाल्यावर एकेकाने आपली कुत्री देऊन टाकली होती. क्लीटस पोत्यांतलं खाद्य, मूसची हाडं आणि दुसरे बारीकसारीक मासे यांवर आपल्या कुत्र्यांचं भागवत होता. बर्नाडीन असताना जाळं ओढायला दोन माणसं होती. या शरद ऋतूत एकट्याने जमलं नाही. वरच्या गावातला एक पगारदार माणूस आठ कुत्री घेऊन गेला. नदीच्या पलीकडच्या काठाने आला आणि तसाच गेला, म्हणून खालच्या गावात कुणाला कळलं नाही. दोन म्हातारी होती, ती कुणालाच नको होती.

"त्या दोघांना मीच," तो म्हणाला. त्याची नजर भिंतीवरच्या बंदुकीकडे गेली.

आर्डिथने शेवटी कोट काढला.

"मला का नाही सांगितलंस? मी तीन महिने मूर्खासारखी टायर मोजत होते."

"म्हणूनच," क्लीटस म्हणाला. "रोज संध्याकाळी तू त्यांच्या पायांचं मोजत होतीस, ताई. तेवढा वेळ ती इथेच होती."

तिने कटोरा उचलला, सूप निवलं होतं तरी प्यायली. जाताना तिने त्याला गावात चल म्हटलं. तो म्हणाला, इथे बर्नाडीनचं सगळं आहे. पुढच्या आठवड्यात ये, वाट मी करून ठेवतो.

त्यातली अडचण तिने बोलून दाखवली नाही, पण तिला ती माहीत होती. जगातली सर्वांत रुंद रिमही न दाबलेल्या बर्फावर चालत नाही. तिचं चाक वाट राखत होतं, वाट करत नव्हतं. ती कुत्री करत, त्यांच्या रोजच्या धावण्याने, आणि त्याचा कुणी कधी हिशेब केला नव्हता.

त्या भेटीनंतरच्या पहिल्या बर्फाला क्लीटसने कड्यापर्यंत वाट केली. दुसऱ्या बर्फानंतर तिला कड्यापासून मैलभर सायकल ढकलावी लागली, मग त्याचे ठसे लागले. ठसे जिथे संपत होते, तिथे बर्फ बराच तुडवलेला होता. तो तिथे उभा राहिला असणार, पुढे जावं की नाही ते ठरवत. फेब्रुवारीच्या मधल्या मोठ्या बर्फानंतर ती आपले बर्फातले बूट सायकलला बांधून निघाली. कड्यापुढे वाट नव्हतीच. तिने सायकल कड्याखालच्या विलो झुडपांत उभी केली आणि चालू लागली. पाणी काढायच्या भोकापर्यंत, खोपटापासून शंभरेक पावलांवर, तिला त्याचे ठसे भेटले.

तो बिछान्यावर बसला होता, बूट पायात तसेच.

"आज फार लांब नाही जमलं," तो म्हणाला. "गुडघा धरतो."

"उरलेलं मी केलं."

"कड्यापासून? एकटीने? त्या खांद्याने?"

"पायांनी, क्लीटस."

तो तिच्या भिजलेल्या मोज्यांकडे बघत राहिला. ते काढून त्याने चुलीवरच्या तारेवर टाकले. तिने या वेळी चल म्हटलं नाही. सकाळी ती उठली तेव्हा तो बाहेर होता. खुंटांवरच्या साखळ्या बर्फातून उकरून काढून त्याने खोक्यात भरल्या होत्या आणि खिडकीला फळी ठोकत होता. बर्नाडीनचा कोट, बंदूक आणि वाळलेल्या माशाच्या पट्ट्या त्याने एका पाठपिशवीत बांधल्या. आर्डिथने पिशवीचे पट्टे आवळून दिले.

तो लंगडत गावाच्या दिशेने पुढे निघाला. कड्याखाली तिने सायकल बाहेर काढली. बर्फ रात्री इथेही पडला होता आणि लाकूडतोड्यांची वाट झाकली गेली होती. क्लीटस पाऊल पावलाला चिकटवून, काठ सरळ ठेवत बर्फ दाबत चालला होता, जसा तो मोठ्या बर्फात कुत्र्यांपुढे चालून दाबायचा.

"बस की सायकलवर," तो मागे न बघता म्हणाला.

"आत्ता नाही चालणार. अजून बसली नाही."

वाट बसायला एक रात्र लागते. तेवढं थांबून या वाटेने परत जायचं आता कुणालाच नव्हतं. आर्डिथ दोन्ही हातांनी हँडल धरून त्याच्या ठशांतून सायकल ढकलत राहिली.