झुंबरबाईचा पाट

या मित्रांनो, सरकून जवळ बसा. बुवा कीर्तनाला उभे राहिले की सतरंजीवरची माणसं पुढं सरकतात ना, तसे. आज मी तुम्हाला ‘क्ष’चं आख्यान सांगणार आहे.

मी एक जुना लाकडी फळा आहे. सुतारानं मला घडवलं आणि मंगळवार पेठेतल्या एका मठाच्या मंडपात टांगलं. संध्याकाळी तिथं कीर्तन व्हायचं, दुपारी मॅट्रिकला अडलेल्या बायकांचा वर्ग भरायचा. मठात झाडलोट करणारी झुंबरबाई दर रविवारी कुटलेला कोळसा आणि घेवड्याचा पाला घेऊन मला घासायची. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. पण माझ्यावरचं अक्षर उठून दिसायचं ते तिच्यामुळंच.

चौऱ्याहत्तर सालची गोष्ट. वर्गात गारगोटीकडची तानाबाई होती. तिला नर्स व्हायचं होतं आणि बीजगणितानं तिला दोनदा पाडलं होतं. भावानं, बाळासोनं, बजावलं होतं की यंदा शेवटचं, नाहीतर गावाकडं परत.

शिकवायला सरोजिनीताई. त्या माझ्या माथ्यावर ‘श्री’ काढायच्या आणि मगच गणित मांडायच्या. त्या दिवशी लिहिलं, क्ष² − ५क्ष + ६ = ०. गुणाकार सहा आणि बेरीज पाच होईल असे आकडे दोन नि तीन, म्हणून अवयव (क्ष − २)(क्ष − ३). इथवर तानाबाईला जमायचं. पुढं ‘क्ष दोन किंवा तीन’ आलं की ती त्यातलं एक उत्तर खोडून टाकायची. गुण तिथंच जायचे.

ताईंनी कारण विचारलं तशी ती म्हणाली, “काल ह्यो चार होता. आज दोन म्हणतोय, तीनबी म्हणतोय. असल्याच्या शब्दावर इश्वास कसा ठेवायचा?”

बायका हसल्या. तानाबाईचे डोळे मात्र भरले.

दारात झुंबरबाई केरसुणी घेऊन उभी होती. कीर्तन असो की बीजगणित, ती सारख्याच भक्तीनं ऐकायची.

“पोरी, जेवायला पाट मांडलाय असं धर की,” ती म्हणाली. “काल एक पावणं बसलं, आज दुसरं. म्हणून पाट खोटा हाय व्हय? ज्यांला आमंत्रण, त्यातलं कोणबी बसंल.”

सरोजिनीताईंनी खडू तानाबाईच्या हातात दिला. तिनं क्षच्या जागी दोन बसवला. शून्य आलं. तीन बसवला. पुन्हा शून्य. मग चार बसवून पाहिला, तर दोन उरले.

“ह्याला आमंत्रण न्हाय,” ती म्हणाली आणि डोळे पुसत हसली.

जूनमध्ये ती पेढे घेऊन आली. पास झाली होती. सरोजिनीताईंना हार घातला, सगळ्यांनी त्यांचं कौतुक केलं. मग ती झुंबरबाईला शोधू लागली. झुंबरबाई मे महिन्यातच जयसिंगपूरला लेकीकडं कायमची निघून गेली होती. तिच्यामागं मला कुणी हात लावला नव्हता. मी पांढरा पडलो होतो.

तानाबाई माझ्यासमोर आली. मग तिनं पदर खोचला, परसातून कोळसा आणि घेवड्याची पानं आणली, आणि नव्या लुगड्यावर डाग पडत असताना मला घासघासून काळाभोर केलं.

आता मला भेगा पडल्या आहेत. मित्रांनो, तुमच्या वर्गातल्या फळ्याला जपा. आणि वहीत पहिल्यांदा ‘क्ष’ लिहाल, तेव्हा झुंबरबाईची आठवण काढा. तिनं तो कधी लिहिला नव्हता.